कार्यक्रमांसाठी हलके बास ॲम्प हेड निवडताना वॅट किती पाहावेत?

आपण पाच तारांची बास गिटार वाजवता, महिन्याला सहा-सात कार्यक्रम करता, सध्याचे हेड (म्हणजे स्पीकर नसलेला, कॅबिनेटला जोडायचा ॲम्प) अठरा किलोंचे आहे आणि कॅबिनेट एकच, दोन दहा इंची स्पीकरचे, 8 ओहमचे (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा रोध) आहे, असे आपण प्रश्नात लिहिले आहे. मार्कबास लिटल मार्क 3, अगिलार टोन हॅमर 500, मेसा बूगी सबवे डी-800 आणि डार्कग्लास मायक्रोट्यूब्ज 900 या चारांपैकी कोणते घ्यावे आणि जास्त वॅटचे घेतले की प्रश्न मिटला असे समजावे का, हे आपल्याला हवे आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यावरच अवलंबून आहे: नाही, तसे समजू नये.

या चार हेडची 4 ओहमवरील छापील शक्ती अनुक्रमे 500, 500, 800 आणि 900 वॅट आहे. कागदावर हे अंतर मोठे दिसते, पण कानाचा हिशेब वेगळा असतो. शक्ती दुप्पट केली तर आवाजाची पातळी 3 डेसिबलने वाढते, आणि आवाज दुप्पट मोठा झाला असे वाटण्यासाठी सुमारे 10 डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. त्यामुळे 500 वरून 800 वॅटवर गेल्याने साधारण 2 डेसिबल मिळतात, तर 800 आणि 900 मधील फरक अर्ध्या डेसिबलचा आहे. ड्रमरने काठ्या उचलल्यावर तो फरक ओळखून दाखवणारा वादक मला अजून भेटायचा आहे. शिवाय आपल्या एकट्या 8 ओहमच्या कॅबिनेटवर ही छापील शक्ती मिळणारच नाही. तेथे टोन हॅमर 250, लिटल मार्क 300, सबवे 400 आणि मायक्रोट्यूब्ज 500 वॅट देते. उलट, आपल्या कॅबिनेटसारखेच दुसरे 8 ओहमचे कॅबिनेट समांतर जोडले, तर एकूण भार 4 ओहम होतो, हेडची शक्ती जवळजवळ दुप्पट होते, हवा ढकलणाऱ्या स्पीकरांचे क्षेत्रफळही दुप्पट होते, आणि खर्जात मिळून सुमारे 6 डेसिबलची भर पडते. इतकी भर या चारांपैकी एकही हेड नुसते बदलून मिळणार नाही. म्हणून आपली तक्रार आवाज पुरत नाही अशी असती, तर हेड आहे तेच ठेवून कॅबिनेटवर खर्च करा असेच मी सांगितले असते. आपली तक्रार पाठीची आहे, त्यामुळे हेड बदलणे योग्यच आहे. फक्त ते वॅट मोजून बदलू नये.

हलकेपणा कोठून येतो हे समजून घेतले तर या हेडविषयीच्या निम्म्या शंका आपोआप गळून पडतात. 1969 मध्ये आलेल्या अँपेग एसव्हीटी या व्हॉल्व्हच्या हेडची शक्ती 300 वॅट होती आणि वजन अडतीस किलोंच्या घरात. त्या वजनाचा मोठा वाटा ट्रान्सफॉर्मरांच्या लोखंडाचा आणि तांब्याचा होता. ट्रान्सफॉर्मरला 50 किंवा 60 हर्ट्झच्या विजेवर काम करायचे असेल, तर त्याला जाडजूड गाभा लागतोच. आजच्या हलक्या हेडमध्ये ती वीज आधी एकदिश केली जाते, मग हजारो हर्ट्झच्या वेगाने तोडून एका छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून पाठवली जाते; वारंवारता वाढली की गाभा लहान चालतो. दुसरा भाग क्लास डी पद्धतीच्या पॉवर ॲम्पचा. तेथील ट्रान्झिस्टर एक तर पूर्ण चालू असतात किंवा पूर्ण बंद, अधेमधे रेंगाळून उष्णता निर्माण करत नाहीत, आणि त्यामुळे उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या मोठ्या पट्ट्याही (हीट सिंक) लागत नाहीत. (क्लास डी मधील 'डी' म्हणजे डिजिटल नव्हे, ए, बी, सी नंतरचे ते पुढचे अक्षर आहे, इतकेच.) कमी वजनाचे वेड मात्र आजचे नाही. वॉल्टर वुड्स यांची छोटी हेड 1970 च्या दशकापासून जॅझमधील डबल बास वादक हातात घेऊन फिरत आले आहेत.

यातील बरीचशी पॉवर मॉड्युले हेडचे उत्पादक स्वतः बनवत नाहीत. डेन्मार्कच्या आइसपॉवरसारख्या कंपनीकडून तयार मॉड्युल घ्यायचे आणि त्याच्या पुढे आपला प्रीॲम्प, म्हणजे गिटारच्या सिग्नलला घडण देणारा पहिला टप्पा, जोडायचा, ही या धंद्यातील रुळलेली रीत आहे. त्यामुळे दोन वेगळ्या ब्रँडच्या हेडमध्ये आपल्याला जो फरक ऐकू येतो, तो बहुतांशी प्रीॲम्पचा आणि आवाज मर्यादेला टेकल्यावर लिमिटर (सिग्नलला त्या मर्यादेवर रोखणारा भाग) कसा वागतो याचा असतो. हलक्या हेडच्या खर्जाला वजन नसते असे जुने वादक म्हणतात, त्यात मला थोडे तथ्य वाटते, पण कारण क्लास डी नव्हे. जुने हेड मर्यादेपलीकडे गेले की हळूहळू दबत जाते, त्यात विकृती (डिस्टॉर्शन) मिसळत जाते, आणि ती कानाला गोड लागते. नवे हेड त्या टोकापर्यंत स्वच्छ राहते आणि तेथे लिमिटर एकदम पकडतो. दोन्ही हेड निम्म्या ताकदीवर ठेवून पडद्याआड वाजवली तर वाद बराच सौम्य होतो.

आता चार हेडकडे वळतो.

लिटल मार्क 3 सुमारे 2.9 किलोंचे आहे. त्याचा मूळ आवाज मध्य सप्तकात भरीव आणि स्पष्ट आहे, आणि बँडमध्ये बास ऐकू येण्याचे काम मध्य सप्तकच करते. त्यावर व्हीएलई आणि व्हीपीएफ अशा दोन कळा आहेत. व्हीएलई वरचा चकचकीतपणा क्रमाने कापते आणि जुन्या, ट्विटर (तीव्र स्वरांचा छोटा स्पीकर) नसलेल्या कॅबिनेटचा भास निर्माण करते. ती मला फार उपयोगी वाटते. व्हीपीएफ 380 हर्ट्झच्या आसपासचा भाग खाली ओढते आणि दोन्ही टोके वर आणते. खोलीत एकटे वाजवताना हा आवाज मोहात पाडतो, पण गिटार, कीबोर्ड आणि ड्रम सुरू झाले की बास जागेवरून गायब होते. नवशिक्या वादकाच्या हेडवर व्हीपीएफ निम्म्याहून वर दिसली की तो घरी सराव करून थेट आला आहे हे ओळखावे.

टोन हॅमर 500 चारांमध्ये सर्वांत हलके, 1.8 किलो आहे. त्याचा आवाज उबदार आणि किंचित गोलसर आहे. ड्राइव्ह वाढवत नेला की धार येते आणि त्याच वेळी वरच्या पट्ट्या मऊ होत जातात, त्यामुळे बोटांनी वाजवणाऱ्यांना ते पटकन आवडते. त्याच्या खर्जाच्या (बेस) कळीचा मध्य 40 हर्ट्झवर आहे, हे मात्र पाच तारांच्या वादकाने ध्यानात ठेवले पाहिजे. आपल्या सर्वांत खालच्या तारेचा, म्हणजे लो बीचा, मूळ स्वर 31 हर्ट्झचा असतो आणि दोन दहा इंची कॅबिनेट तेथपर्यंत पुरेशा ताकदीने पोहोचत नाही. कानाला जो स्वर कळतो तो मुख्यतः 62 हर्ट्झ आणि त्यावरच्या उपस्वरांमुळे. अशा वेळी ती कळ 10 डेसिबलने वाढवणे म्हणजे त्या पट्टीत दहापट शक्ती मागणे, आणि 8 ओहमवर हातात असलेल्या 250 वॅटमध्ये ही मागणी पुरी होत नाही. स्पीकर नुसते हलतात, आवाज वाढत नाही. या हेडवर भरीवपणा हवा असेल तर मिडची कळ, जिची वारंवारता 180 हर्ट्झपासून 1 किलोहर्ट्झपर्यंत सरकवता येते, 200 च्या आसपास आणून थोडी वाढवावी. काम तेथे होते.

सबवे डी-800 सुमारे 2.5 किलोंचे आहे आणि चारांमध्ये मला सर्वांत कामसू वाटते. इतर तिघांहून त्याचा एक निर्णायक गुण असा की मागील बाजूच्या स्विचने ते 2 ओहमच्या भारावरही चालते. म्हणजे 4 ओहमची दोन कॅबिनेट जोडण्याची सोय त्यात आहे. उरलेल्या तिघांना 4 ओहमच्या खाली नेऊ नये. हा नियम मी स्वतः मोडला आहे. एका कार्यक्रमात आयोजकांनी दिलेल्या कॅबिनेटचे मागचे लेबल न वाचताच मी ते माझ्या 4 ओहमच्या कॅबिनेटला जोडले, तिसऱ्या गाण्यात हेड बंद पडले, आणि मी पंख्याला दोष देत बसलो. दोष माझ्या आळसाचा होता. सबवेवरील व्हॉइसिंगची कळ एका टोकाला सपाट, आधुनिक आवाज देते आणि फिरवत नेली की जुन्या वळणाकडे झुकते. ती आठवड्यातून तीन वेगळ्या बँडसोबत वाजवणाऱ्याचा वेळ वाचवते.

फिनलंडमधील डार्कग्लासचे मायक्रोट्यूब्ज 900 हे मुळात विकृतीसाठी, म्हणजे डिस्टॉर्शनसाठी घ्यायचे हेड आहे. स्वच्छ आवाजात मिसळण्याचे प्रमाण ठरवता येणारे त्याचे डिस्टॉर्शन खर्ज पातळ होऊ देत नाही, आणि धातूसारखा कडक आवाज हवा असलेल्या रॉक किंवा मेटल बँडमध्ये ते दुसऱ्या पेडलची गरज ठेवत नाही. आपण कोणते संगीत वाजवता हे लिहिलेले नाही. सुगम किंवा चित्रपटसंगीतासारखे स्वच्छ बासचे काम असेल, तर या हेडच्या किमतीचा मोठा भाग आपण न वापरलेल्या गुणासाठी भराल.

कार्यक्रम करणाऱ्याने शक्तीपेक्षा डीआय आउटपुटकडे (हेडमधून सिग्नल थेट मिक्सरकडे नेणाऱ्या जोडणीकडे) अधिक बारकाईने पाहावे, असे माझे मत आहे. मोठ्या मंचावर प्रेक्षकांना ऐकू येते ते हेड नव्हे, तर डीआयमधून साउंड इंजिनिअरकडे गेलेला सिग्नल. हेड आपल्यापुरता मॉनिटर उरते. त्यासाठी प्री (कळांच्या आधीचा सिग्नल) आणि पोस्ट (कळांनंतरचा) असा स्विच हवा. प्रीवर ठेवले तर आपण मंचावर कळा कितीही फिरवल्या तरी बाहेरचा आवाज बिघडत नाही, आणि इंजिनिअरशी असलेले आपले संबंधही. ग्राउंड लिफ्टचा, म्हणजे डीआयची जमिनीची जोडणी तोडणारा स्विचही हवा, कारण मंचावरील गुणगुण बहुधा ग्राउंड लूपची (दोन उपकरणे दोन वाटांनी जमिनीला जोडली गेल्याची) असते आणि ती त्या एका स्विचने थांबते. दुकानात हेड ऐकायला जाल तेव्हा स्वतःची गिटार न्या, सर्व कळा मध्यावर ठेवा आणि डीआयमधील सिग्नल एखाद्या छोट्या मिक्सरवर हेडफोन लावून ऐका. हे करणारे ग्राहक विरळाच असतात.

हलक्या हेडच्या काही खोडी आहेत, त्या खरेदीपूर्वी माहीत असाव्यात. ते इतके हलके असते की जाड केबलच्या ओढीने आणि कॅबिनेटच्या थरथरीने सरकत जाते. खाली रबराची जाळीदार चटई घालावी. पंख्याची झडप अडवली, किंवा उघड्या मंचावर काळ्या धातूवर थेट ऊन पडले, तर ते स्वतःला वाचवण्यासाठी बंद होते आणि थंड होईपर्यंत आपले ऐकत नाही. क्लास डी हेडमध्ये बहुधा स्पीकरच्या दोन्ही तारांवर सिग्नल असतो, त्यामुळे त्यातील एकही तार जमिनीला किंवा दुसऱ्या उपकरणाला जोडू नये. स्पीकॉन (स्पीकरसाठीच बनवलेल्या, फिरवून अडकणाऱ्या कनेक्टरची) केबल वापरली की ही चूक सहसा घडत नाही. गिटारची शील्ड असलेली केबल स्पीकरसाठी तर कधीच वापरू नये. दुरुस्तीही जुन्या हेडसारखी नसते: घटक पृष्ठभागावर चिकटवलेले आणि अतिसूक्ष्म असल्याने मॉड्युल बिघडले की बहुधा ते पूर्णच बदलावे लागते, म्हणून ते मॉड्युल आपल्या भागातील सेवा केंद्रात मिळते का, हे वॅटच्या आकड्याआधी विचारावे. परदेशात वाजवणार असाल तर हेड 100 ते 240 व्होल्ट आपोआप ओळखते की मागे स्विच आहे, हेही पाहावे.

आपल्या परिस्थितीत मी सबवे डी-800 घेतले असते. एकट्या 8 ओहमच्या कॅबिनेटवर ते 400 वॅट देते, जे मध्यम सभागृहात ड्रमसोबत पुरते, आणि पुढे दुसरे कॅबिनेट कोणत्याही ओहमचे हाती आले तरी बहुधा अडचण येत नाही. आपला हात मऊ असेल, बँड लहान असेल आणि एकेक ग्रॅम मोजायचा असेल, तर टोन हॅमर 500 घ्यावे, पण मग दुसऱ्या 8 ओहमच्या कॅबिनेटची सोय मनात धरून. लिटल मार्क मी जुन्या बाजारात शोधले असते; ते इतकी वर्षे इतक्या मंचांवर दिसले आहे की वापरलेले पण धड अवस्थेतील हेड मिळणे अवघड जात नाही. आणि चारांपैकी कोणतेही घेतले तरी, थोडे पैसे उरले तर ट्रेस इलियट एल्फसारखे 200 वॅटचे, पाऊण किलोही न भरणारे हेड गिटारच्या पिशवीच्या खिशात राहू द्या. मुख्य हेड मध्यंतरात बंद पडले, तर डीआयवर कार्यक्रम निभावून नेण्याइतका आवाज ते नक्की देते.