फिजिक्स पुढच्या वर्षी घे

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं वेळापत्रक काल रात्री दोनदा वाचलं. पहिल्याच सेमिस्टरला बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि कॅल्क्युलस, शिवाय तीन लॅब. ‘आई म्हणते, कठीण विषय आधी उरकून टाक,’ असं लिहिलंयस. तुझ्या आईची घाई कुठून येते ते मला माहीत आहे. आम्ही दोघी त्याच वर्गात बसून बारावी केली. आपल्याकडे मेडिकलचं सगळं प्रवेश परीक्षेच्या एका दिवसावर येऊन ठेपतं. आता तर नीटच्या 720 पैकी किती, एवढंच विचारतात. अकरावीच्या सहामाहीत फिजिक्समध्ये काठावर पास झालेल्या मुलीला ते पुढे कधी आडवं येत नाही.

अमेरिकेत येतं. इथे चार वर्षांच्या कॉलेजनंतर मेडिकलला जातात, आणि त्या अर्जात कॉलेजच्या पहिल्या सेमिस्टरपासूनची प्रत्येक ग्रेड मोजतात, आणि बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, गणित यांची सरासरी वेगळी काढतात. माझ्या वर्गात एक मुलगा होता, अतिशय हुशार. त्यानेही असंच सगळं एकदम घेतलं आणि केमिस्ट्रीत सी आला. पुढच्या वर्षी तोच विषय पुन्हा घेऊन त्याने ए मिळवला. कॉलेजने जुनी ग्रेड हिशेबातून काढली, पण मेडिकलच्या अर्जात दोन्ही धरल्या गेल्या. सीचे 2, एचे 4, सरासरी 3. दोन वेळा मेहनत करून हाती बी. तो माझ्यासमोर बसून रडला होता. वेळापत्रक आधी मीच पाहिलं होतं आणि गप्प बसले होते, म्हणून तुला इतकं लांबलचक लिहितेय.

केमिस्ट्री मात्र आत्ताच घे. चौथं वर्ष संपल्यावर सरळ मेडिकलला जायचं असेल, तर अर्ज तिसरं वर्ष संपता संपता, मे-जूनमध्ये जातो आणि त्याआधी एमकॅट, म्हणजे इथली मेडिकलची प्रवेश परीक्षा, द्यायची असते. तिच्यात बायोकेमिस्ट्री भरपूर असते. बायोकेमिस्ट्रीआधी ऑरगॅनिक केमिस्ट्रीची दोन सेमिस्टर, त्याआधी जनरल केमिस्ट्रीची दोन. पाच सेमिस्टरची ही साखळी आज सुरू केलीस तर तिसऱ्या वर्षाच्या डिसेंबरात पुरी होते. फिजिक्सवर असं काही अडून बसलेलं नाही. ते दुसऱ्या वर्षी घेतलंस तरी चालतं. (एखादं वर्ष थांबून अर्ज करणारेही पुष्कळ असतात. आईला हे मी सांगेन.)

ऑरगॅनिकची भीती तुला कुणीतरी घातलेली दिसते. मी तो विषय वर्षानुवर्षं शिकवतेय. आपली मुलं त्यात अडखळतात ती पाठांतरामुळे. अभिक्रियांची यादी पाठ करत बसू नकोस. इलेक्ट्रॉन कुठे जास्त आहेत, कुठे कमी आहेत, ते कुठून कुठे जातील, हे रोज अर्धा तास कोऱ्या कागदावर बाण काढून बघ. आणि डॉक्टरला हे कशाला हवं, असं वाटलं तर अ‍ॅस्पिरिन आठव. तिचा रेणू आपला अ‍ॅसेटिल गट एका एन्झाइममधल्या सेरीन या अमिनो आम्लावर बसवतो आणि ते एन्झाइम कायमचं बंद पडतं. रक्त गोठवायला मदत करणाऱ्या प्लेटलेटमधलं एन्झाइमही असंच बंद पडतं. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे तिला नवं एन्झाइम करता येत नाही. ती जगते तेवढे 7 ते 10 दिवस तशीच राहते. काही ऑपरेशनांच्या आठवडाभर आधी अ‍ॅस्पिरिन थांबवायला सांगतात, ते यामुळे. ऑरगॅनिकच्या वर्गात फळ्यावर काढलेला एक बाण असा रुग्णाच्या खाटेपर्यंत जातो. मला हे शिकवताना अजूनही आनंद होतो.

फिजिक्स कॅल्क्युलसवालं घ्यायची गरज नाही, बीजगणितावरचं बहुतेक ठिकाणी चालतं. स्टॅटिस्टिक्स कधीतरी नक्की कर. शाळेत एपी बायोलॉजीच्या (कॉलेजच्या पातळीच्या) परीक्षेत 5 पैकी 5 मिळाले म्हणून बायोलॉजी सोडायचा विचार असेल, तर थांब: बऱ्याच मेडिकल स्कूलना त्याच्या बदल्यात वरच्या वर्गाचा बायोलॉजीचा विषय लागतो. मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, कुठलाही चालेल, इतिहाससुद्धा.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण मला त्याचीच जास्त काळजी आहे. तू अजून एच-4 वर, म्हणजे आईबाबांच्या कामाच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आहेस. 21 वर्षं पूर्ण झाली की आईबाबांच्या व्हिसावर राहता येत नाही, आणि ग्रीन कार्ड नसलेल्या मुलांना बरीच मेडिकल स्कूल अर्जच करू देत नाहीत. कोणती करू देतात त्यांची यादी आत्ताच काढ आणि त्यांना कोणते विषय लागतात ते बघून पुढची वर्षं आख. बाबांना त्यांच्या वकिलाशी याच महिन्यात बोलायला सांग.

फिजिक्स काढलंस की जागा रिकामी होईल. तिथे सायकॉलॉजी घे. 2015 पासून एमकॅटच्या चार भागांपैकी एका भागात मानसशास्त्र आणि समाजशास्त्र असतं. वर्ग 300 मुलांचा असेल, तरी प्रोफेसरांच्या ऑफिसच्या वेळेत दर पंधरा दिवसांनी जाऊन बस. पुढे शिफारसपत्रं विज्ञानाच्या दोन शिक्षकांची तरी लागतात, आणि तोंडओळख नसलेल्या मुलीबद्दल आम्ही चार ओळींपलीकडे काय लिहिणार?

विषय बदलायची शेवटची तारीख कॉलेजच्या कॅलेंडरवर बघ आणि त्याआधीच्या शनिवारी सकाळी मला फोन कर. नवं वेळापत्रक समोर ठेवून बोलू.

तुझी,
मावशी