मेदवेदेवमधला ‘वेद’

प्रश्न असा आहे : रशियन भाषेत अस्वलाला ‘मेदवेद’ म्हणतात, त्यावरूनच टेनिसपटू मेदवेदेव याचं आडनाव आलं. मग हा शब्द मधु + वेद, म्हणजे ‘मध जाणणारा’, असा फोडायचा का?

मधु बरोबर, वेद मात्र नाही. इथे धातू ‘विद्’ नसून ‘अद्’ म्हणजे खाणे आहे, आपल्या ‘अन्न’ शब्दातला. अस्वल म्हणजे मध खाणारा.

मग ‘व’ कुठून आला? रशियन, चेक, पोलिश या स्लाव्ह भाषांची आई म्हणजे आदिस्लाव्ह. ती भाषा लिहिली गेली नाही, तिचे शब्द या लेकींची तुलना करून पुन्हा घडवलेले असतात, म्हणून तारांकन करून *मेद्वेदि असं लिहितात. त्यातला ‘मध’ मुळात उकारान्त, मेदु. पुढे एद् (खाणे) आला की उ चा व होतो. मनु + अंतर = मन्वंतर, तोच हा यण् संधी. ऋग्वेदात (१.१६४.२२) झाडावरच्या पक्ष्यांना ‘मध्वदः’ म्हटलंय. घडण अगदी तीच, फक्त तिथे अस्वल नाही.

पुढे उकारान्त रूप मागे पडलं, जोड दिसेनाशी झाली आणि खुद्द स्लाव्ह लोकांनाही त्यात ‘जाणणारा’ ऐकू येऊ लागला. नवल नाही. चेक भाषेत ‘व्येदा’ म्हणजे विज्ञान, आणि तो खरोखरच आपल्या ‘वेद’चा सख्खा भाऊ. युक्रेनियनमध्ये तर तुकडे उलटून ‘वेदमिद’ झालं. पोलिशमध्ये म चा न झाला : ‘न्येज्व्येच’.

मला याहून मोलाचं वाटतं ते हरवलेलं नाव. संस्कृत ऋक्ष (त्यावरून हिंदी रीछ, जुनं मराठी रीस), ग्रीक आर्क्टोस, लॅटिन उर्सुस हे एकाच मुळाचे. स्लाव्ह भाषांत त्याचा मागमूस नाही. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी १९०६ साली याचं कारण मांडलं, आणि ते आज बहुतेकांना पटतं : नाव घेतलं की जनावर येतं, ही भीती. आपल्याकडे रात्री सापाला ‘लांबडं’ म्हणतात, तसंच. पुढे रशियनांनी ‘मेदवेद’लाही टोपणनावं दिली : मीशा (मिखाईल या नावाचं लाडकं रूप) आणि कोसोलापी, म्हणजे फेंगड्या पायांचा.

आडनावातला शेवटचा ‘एव’ आपल्या ‘चा’सारखा. मेदवेदेव म्हणजे ‘अस्वलाचा’.