कोटलिन-स्विफ्ट न शिकता, फक्त वेबच्या ज्ञानावर मोबाइल ॲप करता येईल का?

तुम्ही विचारलंय की एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट चांगलं येतं, किराणा दुकानदारांकडून ऑर्डर घेणारं ॲप करायचंय, तर कोटलिन (अँड्रॉइड ॲपची भाषा) आणि स्विफ्ट (आयफोन ॲपची भाषा) शिकावंच लागेल का. नाही लागणार. अशा कामाला कपॅसिटर घ्या, म्हणजे वेब पानांचं मोबाइल ॲप बनवणारं साधन.

कपॅसिटरमध्ये तुमची वेब पानं ॲपच्या आतच भरलेली असतात आणि फोनमधल्या वेबव्ह्यूत, म्हणजे ॲपच्या आतल्या ब्राउझरच्या खिडकीत उघडतात. कॅमेरा, लोकेशन, नोटिफिकेशन यांच्यापर्यंत प्लगिनमार्फत, म्हणजे वरून जोडायच्या तयार तुकड्यांमार्फत पोचता येतं. जुन्या व्हिडिओंमध्ये याच कामाचं फोनगॅप दिसेल, तिथे वेळ घालवू नका. अडोबीने ते 2020 मध्ये बंद केलं. त्यातूनच निघालेलं कॉर्डोव्हा अजून आहे, पण नवीन काम कपॅसिटरवरच सुरू करावं असं माझं मत आहे. कपॅसिटर आयनिकवाल्यांनी केलंय, पण त्यांचं आयनिक हे पडद्यांच्या तयार घटकांचं साधन वापरलंच पाहिजे असं नाही. रिॲक्ट नेटिव्ह आणि फ्लटर या ॲप करायच्या दुसऱ्या साधनांची जात वेगळी. पहिल्यात फोनची खरी बटणं-याद्या वापरल्या जातात, दुसऱ्यात पडदा फ्लटर स्वतः रंगवतं आणि त्यासाठी डार्ट ही भाषा शिकावी लागते. गेम किंवा भरपूर हालचाल असलेलं ॲप असेल तर तिकडे बघा. ऑर्डरच्या फॉर्मला त्याची गरज नाही.

खरी अडचण वेगळ्याच ठिकाणी येते. मी पहिलं ॲप एका दूध संकलन केंद्रासाठी कॉर्डोव्हावर केलं होतं. सगळे पडदे एकाच पानावर, एक लपवायचा, दुसरा दाखवायचा. माझ्या लॅपटॉपवर झकास चाललं. केंद्रावर पहाटे रांग लागलेली. लिटर टाकलं, फॅट 4.2 टाकलं, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) टाकताना चूक झाली म्हणून काकांनी सवयीने फोनचं बॅक बटण दाबलं, आणि ॲपच बंद झालं. नोंद गेली. ब्राउझरच्या इतिहासात एकही पायरी नव्हती, मग मागे जायचं कुठे? तेव्हापासून मी प्रत्येक पडद्याला राउटरमधून (पत्त्यानुसार पडदा दाखवणारा कोडचा भाग) स्वतःचा पत्ता देतो, बॅक बटण स्वतः हाताळतो आणि अर्धवट भरलेला फॉर्म प्रत्येक रकान्यानंतर जपून ठेवतो. आकड्यांच्या रकान्याला एचटीएमएलमध्ये इनपुटमोड डेसिमल द्या, म्हणजे दशांश चिन्हासकट आकड्यांचा कीबोर्ड येतो. छोटी गोष्ट आहे, पण दिवसभर नोंदी करणाऱ्या माणसाचे कष्ट वाचतात.

दुसरी चूक तुम्ही करू नका. ऑर्डर लोकलस्टोरेजमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या छोट्या साठ्यात ठेवू नका. तिथे जागा साधारण 5 एमबी, आणि आयफोनमध्ये जागा कमी पडली की सिस्टिम तिथली माहिती पुसूनही टाकू शकते. दुकानदाराची ऑर्डर म्हणजे त्याचा व्यवहार आहे. एसक्यूलाइटचं (फोनमध्येच राहणारा डेटाबेस) प्लगिन घाला, नेट नसताना नोंद तिथे जाऊ द्या, नेट आलं की सर्व्हरला पाठवा. प्रत्येक ऑर्डरला फोनवरच एक वेगळा क्रमांक द्या, म्हणजे तीच ऑर्डर पुन्हा आली तर सर्व्हरला ओळखता येते. नाहीतर नेट अर्ध्यात तुटलं की तीच ऑर्डर दोनदा जाते आणि साखरेची पोतीही दोनदा येतात.

मालाची यादी लांब असेल तर सगळी एकदम पडद्यावर ओतू नका, जेवढी दिसते तेवढीच काढा. स्वस्त फोनवर फरक लगेच जाणवतो. मी कोणतंही ॲप आधी 2 जीबी रॅमच्या जुन्या फोनवर चालवतो, मगच पुढे देतो.

खर्चाचं: गूगल प्लेचे 25 डॉलर एकदाच, ॲपलचे 99 डॉलर दरवर्षी. आयफोनच्या बिल्डसाठी मॅक आणि एक्सकोड (ॲपलचं ॲप बनवायचं सॉफ्टवेअर) लागतं. नुसती वेबसाइट गुंडाळून दिली तर ॲपल नाकारतं. गूगलवर नवीन वैयक्तिक खातं असेल तर आधी 12 जणांकडून सलग 14 दिवस चाचणी करून घ्यावी लागते, ते दुकानदार आत्ताच गोळा करा.

मालाच्या यादीत किती वस्तू आहेत आणि दुकानदार साधारण कोणते फोन वापरतात ते कळवा, म्हणजे यादी कशी बांधायची ते नेमकं सांगतो.