गरम चेन आवळू नका

मे सरत आला की माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर चेनसॉची रांग लागते. मशीन वेगळं, माणूस वेगळा, प्रश्न तेच.

नवी चेन घातली, पण लाकूड कापत नाही, नुसता धूर येतो. (वाळपई)

उलटी घातलीय. बारच्या, म्हणजे चेन जिच्यावरून फिरते त्या पट्टीच्या, वरच्या बाजूचे दात टोकाकडे तोंड करून हवेत.

दुकानदार म्हणतो, अठरा इंची बारला कुठलीही अठरा इंची चेन बसते. (म्हापसा)

त्याला त्याचा माल खपवायचाय. पिच (लिंकांमधलं अंतर), गेज (ड्राइव्ह लिंकची जाडी) आणि ड्राइव्ह लिंकची, म्हणजे बारच्या खोबणीत फिरणाऱ्या कड्यांची, संख्या, तिन्ही जुळायला हवीत. हे आकडे बहुधा बारवरच, मशीनकडच्या टोकाला कोरलेले असतात. पुसले असतील तर जुनी चेन सोबत न्या आणि काउंटरवरच लिंका मोजून घ्या.

काम करताना चेन सारखी सैल पडते. भाऊ म्हणतो, गरम आहे तोवरच आवळ, मग घट्ट राहते. खरं का? (धारबांदोडा)

भावाला सांगा, हाच सल्ला ऐकून लोक माझ्याकडे येतात. तापली की चेन लांबते आणि बारखाली लोंबते. तेव्हाच आवळून मशीन माळ्यावर टाकलं, की रात्री ती थंड होऊन आखडते आणि सगळा ताण इंजिनच्या क्रँकशाफ्टवर आणि बेअरिंगवर येतो. परवा असंच एक मशीन आलं. हातमोजे घालून दोन्ही हातांनी ओढली तरी चेन तसूभर हलेना. नट सैल केला तसा बार टण्णकन हलला. मालकाचं म्हणणं, "काल तर छान चालत होतं!"

इंजिन बंद करा, प्लगची टोपी काढा, हातमोजे घाला आणि चेन थंड होऊ द्या. मग बारचे नट सैल करून बारचं टोक वर उचलून धरा. चेन खालून बारला टेकेपर्यंत ती ताणायचा स्क्रू फिरवा आणि टोक उचललेलंच ठेवून नट आवळा. टोक उचलायचं दहातले नऊजण विसरतात. शेवटी चेनचा ब्रेक सोडून चेन हाताने ओढा. सहज फिरायला हवी, पण खाली लोंबता कामा नये. कामाच्या मध्येच आवळावी लागली, तर मशीन ठेवण्याआधी सैल करा. थंडपणी ताणूनही सारखी सैल पडत असेल, तर तेल पोचत नाही किंवा स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) झिजलंय. मेकॅनिकला दाखवा.

चेनला गाडीचं जळकं तेल चालेल? (पेडणे)

नाही. त्यात धातूचा कीस असतो, शिवाय ते खाली तुमच्याच मिरवेलींवर गळतं.

चेन बदलून झाल्यावर झाकण बसतच नाही. (डिचोली)

ब्रेक झाकणातच असेल आणि तो लागलेला असताना झाकण काढलं असेल. आतली स्प्रिंग जोराची असते, स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. घेऊन या.

दोन महिने चेन उतरतेय, हातोडीने ठोकून बसवतो. घरावर कललेला फणस उद्या पाडायचाय. (सांगे)

दोन महिने! ठोकून ड्राइव्ह लिंका वाकल्या असणार, बारची खोबण फाकली असणार. तुटलेली चेन पायावर येते. हे मशीन आता चालू करू नका. फणसाला गोव्याच्या 1984 च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वनखात्याची परवानगी लागते आणि घरावर कललेलं झाड पाडणं एकट्याचं काम नव्हे. आजच्या आज धोका वाटत असेल तर अग्निशामक दलाला 101 वर फोन करा. नवी चेन बसवलीत, तर आधी पडलेल्या ओंडक्यावर थोडी चालवा, थंड होऊ द्या आणि ताण पुन्हा बघा.