मोहिमांचे माहितीपट : वेड की व्यवसाय?

दांडिया बाजार, वडोदरा येथील एका आईस,

सप्रेम नमस्कार.

आपली कन्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला असून, पदवीनंतर हिमालयातील गिर्यारोहण मोहिमांवर माहितीपट करण्याचा तिचा हट्ट आहे. हे वेड म्हणावे की व्यवसाय, असे आपण विचारले आहे. आपल्या पत्रात धोक्याविषयी पानभर मजकूर आहे आणि उत्पन्नाविषयी जेमतेम एक ओळ. माझ्या मते हे प्रमाण उलट हवे होते. धोका प्रशिक्षणाने पुष्कळसा आटोक्यात ठेवता येतो. मात्र एव्हरेस्टवरील बहुतेक यशस्वी चढाया एकट्या मे महिन्यात होतात, आणि उरलेले वर्ष संकलन, जाहिरातपट, संस्थांसाठी लघुपट अशा कामांवर काढावे लागते. म्हणून आधी कॅमेरा आणि संकलन यांत हात बसलेला हवा. वाणिज्याची पदवीही तिने पूर्ण करावी. प्रायोजकापुढे खर्चाचा ताळेबंद मांडणारा दिग्दर्शक विरळाच असतो.

आता उंचीचा प्रश्न. सुमारे 5,500 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. तिथे चढणाऱ्यांचे दृश्य समोरून हवे असेल तर छायाचित्रकाराला त्यांच्या आधी वर पोहोचावे लागते आणि ते पुढे गेले की सामान आवरून पुन्हा त्यांना गाठावे लागते. थंडीत बॅटऱ्या भराभर उतरतात, म्हणून रात्री त्या स्लीपिंग बॅगमध्ये अंगाशी ठेवायच्या. गारठलेला कॅमेरा तसाच तंबूत आणला तर त्यावर दव धरते. तो बाहेरच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करायचा आणि आत आणल्यावर ऊब येईपर्यंत पिशवी उघडायची नाही. अंग मोडून आलेले असतानाही हे रोज बिनचूक करता येणे, ही या कामाची पात्रता होय. शिवाय चित्रीकरण कधी थांबवायचे, तेही कळावे लागते : 1996 साली एव्हरेस्टवर वादळ झाले तेव्हा गिर्यारोहक-चित्रपटकार डेव्हिड ब्रेशिअर्स यांच्या, आयमॅक्स या भव्य पडद्यासाठी चित्रीकरण करणाऱ्या पथकाने काम बाजूला ठेवून स्वतःची प्राणवायूची नळकांडी बचावासाठी देऊ केली होती.

प्रारंभ गुजरात शासनाच्या माउंट अबू येथील गिर्यारोहण संस्थेतील प्रस्तरारोहणापासून करावा. त्यानंतर उत्तरकाशी, दार्जिलिंग किंवा मनाली येथील सुमारे चार आठवड्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम. पुढच्या अभ्यासक्रमासाठी त्यात 'अ' श्रेणी लागते, हे तिने पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावे. पुण्याच्या फिल्म संस्थेतील छायाचित्रण, संकलन वा दिग्दर्शनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना कोणत्याही शाखेचा पदवीधर प्रवेशपरीक्षा देऊ शकतो. तोवर तिने पावागडाच्या पायऱ्यांवरून सामान वाहणाऱ्या एखाद्या माणसावर दहा मिनिटांचा माहितीपट करावा. चढत्या माणसाच्या चालीशी कॅमेरा जुळवता येतो का, हे तिथेच कळेल.

लहानपणी तिला धाप लागत असे, असा आपण ओझरता उल्लेख केला आहे. प्राथमिक अभ्यासक्रमाच्या अर्जासोबत वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावे लागते. ते घेताना ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये आणि अभ्यासक्रमाचे शुल्क भरण्याआधीच तपासणी करून घ्यावी.

आपला,
करिअर मार्गदर्शक