पतीऐवजी स्वतः मरण पत्करणारी ग्रीक नाटकातली राणी कोण? ती शेवटी वाचते का?
ती राणी म्हणजे युरिपिडीसच्या इ.स.पू. 438 मध्ये अथेन्सला सादर झालेल्या नाटकाची नायिका अल्सेस्टिस. ती मरते, पण ग्रीक पुराणकथांतला महावीर हेराक्लीस मृत्युदेवाशी झुंजून तिला परत आणतो. पती ॲडमिटसला अपोलो देवाच्या कृपेने, दुसरे कोणी त्याच्याऐवजी मरायला तयार झाल्यास जगण्याची मुभा मिळाली होती, आणि म्हाताऱ्या आईवडिलांनीही नकार दिल्यावर तीच पुढे झाली. नाटकात दासी सांगते की अखेरच्या दिवशी तिने नदीच्या पाण्याने स्नान केले, घरातील प्रत्येक वेदीवर मर्टलच्या डहाळ्या वाहिल्या, तोवर डोळ्यांतून टिपूसही काढले नाही, आणि शय्येपाशी येताच मात्र तिला रडू आवरेना; माझ्या मते हाच नाटकाचा प्राण आहे. तरीही शेवट निव्वळ सुखान्त समजू नये, कारण परतलेली अल्सेस्टिस रंगमंचावर एक शब्दही बोलत नाही. तिसरा दिवस उजाडेपर्यंत तिला मौन पाळावे लागणार असते.