१३ वर्षांची मुलगी पहिल्यांदाच आंतरराष्ट्रीय कार्टिंग अजिंक्यपदाला उतरते आहे. कितवा नंबर आला तर चांगलं म्हणायचं? आणि वडील म्हणून मीच तिचा मेकॅनिक व्हावं का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी राष्ट्रीय पातळीवर सतत पहिल्या तिघांत असते आणि आता ओके-ज्युनिअर या लहान वयाच्या चालकांच्या गटात पहिल्यांदाच देशाबाहेर खेळणार आहे. मी बरीच वर्षं याच वयाच्या मुलामुलींच्या कार्टवर मेकॅनिक म्हणून काम केलंय. त्यामुळे चालकाच्या नाही, पण पॅडॉकच्या, म्हणजे टीम आणि मेकॅनिक काम करतात तिथल्या, बाजूने जे दिसतं ते सांगू शकतो.

आधी नंबराचं बोलू. ती फायनलला पोचली तर उत्तम झालं असं समजा. नाही पोचली तर वाईट झालं असं अजिबात समजू नका. या गटात सत्तर-ऐंशी, कधी त्याहूनही जास्त कार्ट येतात आणि फायनलच्या ग्रिडवर (सुरुवातीच्या रांगांत) ३६ जणांनाच जागा असते. म्हणजे जवळपास निम्मी किंवा त्याहून अधिक मुलं रविवारी दुपारी कुंपणाबाहेर उभी असतात, आणि त्यातली बरीचशी आपापल्या देशात पहिली-दुसरी येणारीच असतात. घरच्या स्पर्धेत अर्ध्या सेकंदाच्या आत चार-पाच जण असतील. इथे तेवढ्याच अर्ध्या सेकंदात तीस-चाळीस जण कोंबलेले असतात. एका वळणात ब्रेक जरा लवकर लागला, एक दशांश सेकंद गेला, की यादीत आठ-दहा नावं खाली. मुलगी मंदावलेली नसते, पण वेळांच्या तक्त्यावर तिचं नाव शोधायला बोट खाली खाली न्यावं लागतं आणि बापाच्या तोंडचं पाणी पळतं.

पुढे फॉर्म्युला वनचा जगज्जेता झालेला आयर्टन सेना १९७८ मध्ये ल मान्सला पहिल्यांदा कार्टिंगच्या जागतिक अजिंक्यपदाला उतरला आणि सहावा आला. तेव्हा तो १८ वर्षांचा होता आणि मायदेशात भरपूर जिंकून आलेला होता. पुढच्या दोन्ही वर्षी तो दुसरा आला. ते अजिंक्यपद त्याला कधीच मिळालं नाही. कोणी तुम्हाला 'पहिल्या दहात आलीच पाहिजे' असं सांगत असेल तर त्याला एवढं ऐकवा.

आकडाच हवा असेल तर दुसरा एक धरा. गुरुवारच्या पहिल्या सरावात सगळ्यांत वेगवान मुलापासून ती किती सेकंद मागे होती, आणि शेवटच्या हीटमध्ये (फायनलआधीच्या छोट्या शर्यतीत) किती? पहिल्या दिवशी नऊ दशांश आणि शेवटी चार दशांश असेल तर तिचा आठवडा फार छान गेला, मग तक्त्यावर ती बावन्नावी का असेना. उलट पहिल्या दिवशी सहा आणि शेवटी सहाच, तर मात्र बसून बोलायला हवं.

हा फरक का पडतो आणि कशाने कमी होतो, हे जरा खोलात सांगतो. कारण इथेच बहुतेकांचं गाडं अडतं.

कार्टला सस्पेन्शन नसतं, डिफरन्शियलही (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नसतं. मागची दोन्ही चाकं एकाच अखंड ॲक्सलवर (आडव्या दांड्यावर), म्हणून दोन्ही एकाच वेगाने फिरणार. वळणात तर आतल्या चाकाला कमी अंतर जायचं असतं आणि बाहेरच्याला जास्त. तेव्हा वळायचं असेल तर आतलं मागचं चाक क्षणभर जमिनीवरून सुटलंच पाहिजे. चालक स्टिअरिंग फिरवतो, पुढच्या चाकांची मांडणी तो कोपरा उचलायला मदत करते, चासीच्या (सांगाड्याच्या) नळ्या थोड्या पीळ खातात आणि चाक उचललं जातं. वळण संपता संपता ते परत टेकतं आणि कार्ट पुढे झेपावतं. कार्ट चालवण्याचं अर्धं कौशल्य या एका उचलण्या-टेकण्यात आहे.

घरच्या ट्रॅकवर, जिथे दिवसभरात वीस-तीस कार्ट फिरतात, तिथे मुलीने हे जे काही बसवलंय ते तिथल्या ग्रिपसाठी (टायरला मिळणाऱ्या पकडीसाठी) बसवलेलं असतं. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत सकाळपासून संध्याकाळपर्यंत वेगवेगळ्या गटांची दोन-अडीचशे कार्ट त्याच रेषेवरून जातात. टायरचं रबर डांबरावर थरावर थर बसत जातं. शनिवारी दुपारी ती रेषा काळी, चकचकीत दिसायला लागते, आणि गुरुवारी जे कार्ट शहाण्यासारखं वागत होतं ते अडून बसतं. आतलं चाक नको तितका वेळ हवेत राहतं किंवा आपटत खाली येतं, बाहेरचा टायर जमीन सोडायला तयार नसतो, आणि वळणातून बाहेर पडताना इंजिनचा दम कोंडतो. ओके-ज्युनिअरला गिअर नसतात. इंजिन १४,००० आरपीएमपर्यंत (मिनिटाला फेरे) जातं, पण वळणात एकदा खाली पडलं की ते परत चढेपर्यंत सरळ रस्त्याचा मोठा भाग निघून जातो.

अशा वेळी मूल पिटमध्ये येऊन काय म्हणतं? 'इंजिन कमजोर आहे.' आणि बाप इंजिन बदलायला धावतो. बहुतेक वेळा इंजिन ठणठणीत असतं. स्टिअरिंगवरच्या डेटा लॉगरची (वेग आणि आरपीएम नोंदवणाऱ्या यंत्राची) फाइल उघडा आणि दोनच गोष्टी बघा: वळणातला सर्वांत कमी वेग, आणि वळणातून बाहेर पडताना आरपीएम किती लवकर चढतात. त्याच टीमच्या वेगवान मुलाच्या फाइलवर तिची फाइल ठेवा. सरळ रस्त्याच्या शेवटी वेग जवळपास सारखा आणि फरक सगळा वळणांत असेल, तर दोष इंजिनाचा नाही. मग मागच्या चाकांमधलं अंतर, ॲक्सलचा कडकपणा, सीटची जागा, टायरमधली हवा यांच्याकडे वळायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर सुधारलं तरी कशामुळे हे कळत नाही, आणि बिघडलं तर मागे कुठे जायचं तेही नाही.

चालवण्यातही बदल लागतो. घसरत्या ट्रॅकवर वाढलेली मुलं स्टिअरिंग जास्त फिरवतात आणि फिरवलेलं धरून ठेवतात. भरपूर ग्रिप असताना कमी फिरवायचं आणि लवकर मोकळं सोडायचं. ऐकायला सोपं आहे, पण हाताची सवय मोडायला दोन-तीन सेशन जातात. शिवाय अंग दुखतं. बरगड्या सीटच्या कडेवर दाबल्या जातात, मनगटं आणि मान भरून येतात. घरी तिने कितीही लॅप मारले असले तरी इथली तिसरी हीट वेगळीच असते. निघण्याआधीचे दोन महिने मान, पाठ आणि पकड यांच्या व्यायामाला दिलेत तर कुठल्याही नव्या इंजिनपेक्षा जास्त उपयोग होईल.

आता क्वालिफाइंग, म्हणजे सुटण्याची जागा ठरवणारं वेळेचं सेशन. मिनिटं जेमतेम सहा, आणि नव्या टायरचे खरे दमदार लॅप दोन-तीनच. त्यात प्रत्येकाला पुढच्या कार्टच्या मागे हवेच्या ओढीत राहायचं असतं, म्हणून सगळे एकमेकांकडे बघत रांगतात. तू पुढे हो, मी मागे येतो. पहिल्यांदा आलेली शहाणी मुलं इथे सभ्यपणा करतात, जागा देतात, आणि शेवटी एकटीच फिरतात किंवा वेळ संपून जाते. कोणाच्या मागे बाहेर पडायचं, कितव्या लॅपला जोर लावायचा, गर्दीत अडकली तर काय, हे ट्रॅकवर जाण्याआधी ठरलेलं हवं. तिथे विचार करायला वेळ नसतो.

हीट्सचा हिशेब मात्र पालकांना सहसा ठाऊक नसतो. पहिल्याला शून्य गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला ३ असं वर चढत जातं आणि ज्याचे गुण कमी तो पुढे. हीट अर्धवट सुटली की गुणांचा ढीग पडतो. त्यामुळे प्रत्येक हीटला बारावी येणारी मुलगी ही एकदा चौथी, एकदा सातवी आणि एकदा वाळूत रुतलेल्या मुलापेक्षा पुढे असू शकते. ओके-ज्युनिअरच्या कार्टला क्लच नसतो, स्टार्टरही नसतो, इंजिन धक्का मारूनच सुरू होतं. गिरकी खाऊन इंजिन बंद पडलं की ती हीट बहुतेक तिथेच संपते. पहिल्या हीटच्या पहिल्या वळणात तीसेक कार्ट एकमेकांना घासत शिरतात तेव्हा तिला एवढंच आठवायला हवं की ही हीट पूर्ण करायची आहे.

आणि तो पुढचा बंपर! घरच्या स्पर्धांत याकडे किती काटेकोरपणे बघतात ते तुम्हाला माहीत असेल. इथे डोळ्यांत तेल घालून बघतात. बंपर दोन क्लिपांवर अशा रीतीने बसवलेला असतो की पुढच्याला जोरात धडक दिली की तो मागे सरकतो. हीट संपली की कार्ट थेट पार्क फर्मेत, म्हणजे तपासणीच्या बंद आवारात, जातं. मेकॅनिक दोरीबाहेर, हात लावायची परवानगी नाही, आणि अधिकारी वाकून एकेक बंपर बघत पुढे सरकतात. सरकलेला असला की ५ सेकंदांचा दंड. घरी ५ सेकंदांत दोन-तीन जागा जातात, इथे दहा-बारा जातात. अकरावी आलेली मुलगी तिथून बाहेर पडते तेव्हा बाविसावी असते. म्हणून ओव्हरटेक करताना 'थोडं टेकवलं तर चालतं' ही सवय निघण्याआधीच मोडा.

कागद आणि साहित्याचं थोडक्यात. हेल्मेट, सूट आणि बरगड्यांचं कवच यांच्या आतल्या लेबलवरचा मानक क्रमांक त्या स्पर्धेच्या नियमांशी घरीच जुळवून बघा. कवचासाठी एफआयए (जागतिक मोटरस्पोर्ट संघटना) ८८७०-२०१८, नव्या सूटसाठी ८८७७-२०२२ असे क्रमांक असतात, आणि लहान मुलांच्या हेल्मेटचं मानक मोठ्यांपेक्षा वेगळं असतं. तपासणीच्या टेबलावर रडून काही होत नाही. चालक आणि कार्ट यांचं मिळून वजन प्रत्येक सेशननंतर होतं आणि कमी भरलं तर निकाल रद्द. उन्हात दिवसभरात मुलांचं वजन उतरतं, इंधनही जळतं, म्हणून वजन भरायला सीटला लावलेलं शिसं एखादा किलो जास्तच असू द्या. चालकांच्या बैठकीला ती वेळेवर हजर पाहिजे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तुम्ही मेकॅनिक होऊ नका.

प्रत्येक बाप मला फॉर्म्युला वनचा जगज्जेता झालेल्या मॅक्स व्हरस्टॅपेनचं उदाहरण देतो, त्याच्या वडिलांनी त्याची इंजिनं स्वतः तयार केली म्हणून. खरंय. पण ते वडील, योस व्हरस्टॅपेन, स्वतः फॉर्म्युला वनमध्ये धावलेला माणूस आहे. तुम्ही हाताने कितीही कुशल असाल, तरी त्या ट्रॅकवर त्या टायरची हवा सकाळी आठला किती आणि दुपारी तीनला किती, हे तिथे दरवर्षी जाणाऱ्या माणसालाच माहीत असतं. दोन सेशनच्या मध्ये ॲक्सल काढून दुसरा टाकायचा, स्प्रॉकेट (साखळीचं दातेरी चाक) बदलायचं, चाकांचं अलाइनमेंट परत लावायचं, हे सगळं घड्याळाच्या काट्यावर. त्या घाईत मुलीशी शांतपणे बोलणारं कोणी उरत नाही.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. मी कितीदा तरी पाहिलंय: मुलगी पिटमध्ये येते, हेल्मेटची पट्टी अजून सुटलेली नसते, आणि बाप विचारतो, 'तिथे आत का सोडलंस त्याला?' तिला कार्टबद्दल जे सांगायचं होतं, मागचं टोक सुटतंय की पुढचं, ब्रेक किती खोल जातोय, ते त्या एका प्रश्नात पुसलं जातं. मग ती फक्त सफाई देते. आमच्याकडे मी नियमच केला होता: चालक आधी इंजिनिअरशी बोलणार, मग पाणी, मग घरचे. काही पालक चिडायचे. चिडोत.

याचा अर्थ कुंपणाला टेकून उंटावरून शेळ्या हाकायच्या असाही नाही. तुमच्यासाठी एक काम आहे आणि ते टीममधल्या कोणाला करायला वेळ नसतो. दुसऱ्या मुलांचे सेशन चालू असताना ट्रॅकच्या लांबच्या टोकाला, जिथे ती सर्वांत जास्त वेळ घालवतेय त्या वळणावर जाऊन उभे राहा. सर्वांत वेगवान तिघं ब्रेक कुठल्या खुणेला लावतात, कर्बवर (ट्रॅकच्या उंच कडेवर) किती चढतात, आवाज कुठे परत मोकळा होतो, एवढंच वहीत लिहा. संध्याकाळी तिला विचारू द्या, मग सांगा. मोबाइलवर त्या वळणाचं चित्रण असेल तर आणखी चांगलं.

फायनलला नाही पोचली तर लगेच सामान आवरायला घेऊ नका. तिला घेऊन पहिल्या वळणाच्या बाहेरच्या बाजूला जा. पंधराव्या ते पंचविसाव्या जागेवरून सुटलेल्यांकडे बघायला सांगा, पहिल्या ओळीकडे नको. पुढच्या वेळी ती तिथूनच सुटणार आहे, आणि त्या गर्दीत कोण आत घुसतं, कोण थांबून बाहेरून वाट काढतं हे तिला एवढ्या जवळून दुसरीकडे कुठे दिसणार नाही. आणि टीम भाड्याने घेतली असेल तर तिच्या सगळ्या सेशनच्या डेटा फाइल्स आणि सेटअपची नोंद त्याच संध्याकाळी पेन ड्राइव्हवर मागून घ्या. सोमवारी ट्रक पुढच्या स्पर्धेच्या वाटेला लागलेला असतो आणि कोणी फोन उचलत नाही.